शंभर आकड्यांची बसणी

आमच्या भागात मका कधी पेरायचा हे माझे सासरे ठरवतात, आणि ते बसून ठरवतात. बसून म्हणजे खुर्चीत बसून विचार करून नव्हे. वसंत लागला की सकाळी सातला घरामागच्या शेतात जायचं, पँटीचा मागचा पडदा सोडायचा आणि उघड्या अंगाने जमिनीवर बसायचं. शंभर आकडे होईपर्यंत बसवलं तर जमीन तापली, पेरा. त्याआधी उठावं लागलं तर थांबा. हसू येत असेल तर हसून घ्या. लग्न होऊन आले तेव्हा मीही आठवडाभर हसत होते, मग मलाच ती पँट शिवायला बसवलं. मी शिंपीण आहे. मागे चार बटणांचा पडदा, आत मऊ अस्तर, कडेला दुहेरी शिलाई. अशा सहा पँटी शिवून झाल्या. दुकानदाराने कापड कशाला हवं म्हणून विचारलं की मी शेतीकामाला म्हणते.

लोक सासऱ्यांना, आमच्या बाबांना, पारा म्हणतात. बसणीच्या दिवशी तीस-चाळीस जण ट्रॅक्टर घेऊन रस्त्याच्या कडेला जमतात आणि सभ्यपणा म्हणून बाबांकडे पाठ करून उभे राहतात. तसेच पाठमोरे, एका सुरात, आकडे मोजतात. शेतकी कचेरीतला मोजणीवालाही त्यांच्यात असतो. त्याच्याकडे जमिनीत खुपसायची तापमानाची सळई आहे, पण एका वर्षी लोकांनी त्या सळईचं ऐकलं आणि तोंडघशी पडले. सळई उन्हातल्या ढेकळात खुपसली होती, बियाणं मात्र गार ओल्या मातीत पडलं आणि निम्म्या भागात कुजून गेलं. तेव्हापासून लोक म्हणतात, सळईला बोटभर जागा कळते, पाऱ्याला हातभर. मोजणीवाला बिचारा दर सोमवारी वर पाठवायच्या अहवालात 'बसणी : अठ्ठावीस' असं लिहितो. वरून आजवर कुणी विचारलेलं नाही की अठ्ठावीस काय.

यंदाच्या वसंताचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आधी दहा दिवस असं ऊन पडलं की लोकांनी स्वेटर धुऊन ठेवून दिले. मग गारा आल्या. मग चार दिवस पाऊस, शेतात घोट्याएवढं पाणी. मग पुन्हा कडक ऊन, पण खाली माती बर्फासारखी. वरून बघणाऱ्याला वाटावं, आता पेरावंच. बियाण्याची पोती सगळ्यांच्या दाराशी येऊन पडलेली, आणि दुकानात दुसरं बियाणं नाही. एकदा मातीत कुजलं की वर्ष गेलं. सगळे बाबांची वाट बघत होते, आणि बाबांची थंडीत पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली होती.

पहिल्या बसणीच्या आदल्या संध्याकाळी मी पँटीचं एक बटण घट्ट केलं आणि बाबांना घालून बघायला सांगितलं. ती घालूनच ते जेवायला बसले. दोनदा वाढून घेतलं, शेजाऱ्याच्या गाईवर अर्धा तास बोलले. उठले तेव्हा मला मागे काहीतरी चमकताना दिसलं. माझी टाचणी. अस्तरातून आरपार गेलेली, वजनाने वाकडी झालेली. एवढी टाचणी ज्याला कळत नाही, त्याला जमिनीचा गारवा काय कळणार? पण सासऱ्याला हे विचारायचं कसं? मी रात्रभर शब्द जुळवत राहिले आणि सकाळी नुसता चहा पुढे केला.

सातला बाबा बसले. सरीत पाण्यावर बर्फाची पातळ साय होती, आणि बाबा उन्हात लोळणाऱ्या मांजरासारखे निवांत. लोक मोजत होते. सत्तर. ऐंशी. आवाजात आनंद यायला लागला. एकाने तर नव्वदलाच किल्ली हातात घेतली. माझा धीर सुटला.

"बाबा, फोन आलाय!" मी दारातून ओरडले. "आत्ताच्या आत्ता या!"

ते शहाण्णववर उठले. मोडलेली बसणी धरत नाहीत, हा नियम त्यांनीच केलेला. लोक माझ्याकडे असे बघत घरी गेले की जणू मीच गारा पाडल्या होत्या.

"कुणाचा फोन?" बाबांनी स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

मी वाकडी टाचणी टेबलावर ठेवली. "ही काल जेवताना तुमच्या खाली होती."

त्यांनी ती उचलली, उजेडात धरली आणि परत टेबलावर ठेवली. मग खुर्चीत बसले, सवयीने हळूच.

"खाली खुर्ची आहे की नाही, एवढं कळतं," ते म्हणाले. "गार-गरम काही नाही. मला वाटलं, येईल परत."

"मग आज शंभर होऊ देणार होतात?"

"मला खरंच बरं वाटत होतं गं. वाटलं, आलं परत." त्यांनी मान खाली घातली. "आता लोक पुन्हा त्या सळईच्या नादी लागणार. आणि मी कोण मग? पारा आहे म्हणून शेतात पँट सोडलेली चालते. पारा नसला तर नुसता म्हातारा, तोही उघडा."

मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हणाले, "तुम्ही बसा. गारवा मी बघते." म्हटलं आणि मग लक्षात आलं, मी काय बोलून बसले. आ बैल मुझे मार!

व्यवस्था अशी ठरली. रस्त्यापलीकडे झुडपांचं कुंपण आहे. मी त्याच्या मागे, नवऱ्याचा घोट्यापर्यंतचा कोट घालून बसायचं. वरून कोट, खालून माझं मी. तिकडचीही माती तीच. सोसेनासं झालं की खोकायचं. खोकला ऐकला की बाबांनी उठायचं.

पहिल्या दिवशी मी अकराला खोकले. बाबा मात्र असे उडाले, "मेलो! मेलो!" करत शेतात गोल धावले, की दोघे-तिघे न राहवून वळून बघायला लागले. घरी आल्यावर मी बजावलं, "एवढं नाटक नको. पूर्वी नुसतं हूं करून उठायचात."

"पूर्वी खरं लागायचं," बाबा म्हणाले. "खोट्याला जास्त आवाज लागतो."

तीन आठवडे हेच चाललं. चौदा. नऊ, त्या दिवशी रात्री पाऊस पडला होता. एकवीस. मोजणीवाल्याची सळई मधेच एकदा 'पेरा' म्हणाली, पण मी सतरालाच खोकले आणि कुणी पोत्याची शिवण उसवली नाही. दोन दिवसांनी पुन्हा गारा पडल्या. माझे मात्र नाकी नऊ आले होते. गरम पाण्याची पिशवी घेतल्याशिवाय मशीनवर बसवत नव्हतं. नवरा म्हणाला, "तुला झालंय तरी काय?" मी म्हटलं, "शेती." त्यात गंमत अशी, की दारात कुणीतरी खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवून गेलं. मग आणखी एक. एकाने लोकरीची जाड सतरंजी आणून दिली. लोकांना बाबांची किती काळजी, असं मला वाटलं. शहाणी मी!

चौथ्या आठवड्यात दोन रात्री वारा उबदार सुटला. मी कुंपणामागे बसले. वीस झाले, तीस झाले. खालून काही टोचेना. पन्नासला मला चक्क बरं वाटायला लागलं. एरवी आकडे चालू असताना मी मान कोटात खुपसून बसायचे; आज मजेत वर केली, आणि झुडपांच्या काड्यांमधून पलीकडचे चेहरे दिसले. चाळीसच्या चाळीस. थंडी लांबल्यामुळे कुंपणाला यंदा पानच फुटलं नव्हतं. आणि बाबांकडे पाठ करायची म्हणजे तोंड कुठे करायचं? माझ्याकडे. महिनाभर ते माझ्याकडे बघत मोजत होते.

कुणी हसत नव्हतं. सगळे माझा घसा बघत होते. साठला मी खोकले नाही, पासष्टला नाही, आणि मोजणीचा सूरच विस्कटला. कुणीतरी म्हणालं, "झालं! चला!" ट्रॅक्टर सुरू झाले. धूर, आरडाओरडा, एकमेकांना शाबासक्या. चाळीस माणसं पेरायला निघाली.

"अजून पस्तीस आहेत!" शेतातून बाबांचा आवाज आला. "अरे, अजून पस्तीस!"

कुणी वळून बघितलं नाही. बाबा बसूनच होते. आधी त्यांना कळेना, मग त्यांची नजर त्या बोडक्या कुंपणावर आली, माझ्यावर आली, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी पडद्याचं बटण चाचपलं. ते काही सापडेना.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी कोटासकट उठले, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि पहिल्या ट्रॅक्टरसमोर हात आडवे केले.

"कोण म्हणालं पेरा?" मी ओरडले. "बाबा म्हणाले? माझं बूड तेवढं तुम्हाला उसनं मिळालंय, अक्कल नाही! चला मागे!"

पुढच्याने इंजिन बंद केलं. मग दुसऱ्याने. एकेक करत सगळे उतरले, परत आले आणि आपापल्या जागी पाठ करून उभे राहिले. मोजणीवाल्याने तर सळई गवतात टाकली. आकडे कुणी मोजले नाहीत, नुसते उभे होते.

मी शेतात गेले आणि बाबांच्या शेजारी कोटाचा घेर पसरून तशीच मातीवर बसले. त्यांचे डोळे भरले होते.

"कशी आहे गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"गरम आहे, बाबा."

"नुसतं गरम काय? नीट सांग."

मी दोन्ही हात मातीवर टेकले. "वर कोरडी आहे. खाली थोडी ओल आहे, पण ती गार नाही. कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या अंथरुणासारखी आहे."

बाबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

"हां," ते म्हणाले. "अशीच असते." आणि मग त्यांनी चाळीस पाठींना मोठ्याने सांगितलं, "पेरा!"