परत फिरणाऱ्याची घंटा

आमच्या टिरोलच्या बर्फाळ डोंगरांतल्या ओबरश्रोफेन गावात एक जुनी गंमत आहे. शिखर न गाठता अर्ध्या वाटेवरून जो परत येतो, त्याच्या गळ्यात खानावळीत वासराची घंटा अडकवतात आणि घरी जाईपर्यंत काढू देत नाहीत. माणसं पोट धरून हसतात. मीही हसलोय. ही गंमत कुणाला किती महागात पडते, हे मात्र आम्ही कधी विचारलं नव्हतं.

त्या मार्चमध्ये एकाहत्तर वर्षांच्या फिगिल पोस्टमनना रोटनकारच्या शिखरावर जायचंच होतं. वर उभारलेल्या क्रुसाच्या पायथ्याशी पत्र्याच्या डब्यात एक वही असते. पोचणारा प्रत्येक जण तिच्यात नाव लिहितो. चार वर्षांपूर्वी अशाच बर्फात फिगिलबरोबर चढून त्यांच्या बायकोने, बुर्गलने, तिथे नाव लिहिलं होतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात ती आजाराने गेली. आता एप्रिलात फिगिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर असले चढ बंद, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"मी उन्हाळ्यात त्या पानाचा फोटो काढून आणते की," मुलगी आफ्रा म्हणाली. ती डोंगरावरच्या बचाव पथकात होती.

"फोटोवर बोट फिरवून काय कळणार? ती पेन किती दाबून लिहायची, ठाऊक आहे ना तुला?"

आफ्राने सकाळची हिमस्खलनाची सूचना वाचून दाखवली. "धोका पाचपैकी तीन आहे, बाबा. वाऱ्याने आणलेला बर्फ खालच्या साखरेसारख्या भुसभुशीत थरावर बसलाय. वरून घट्ट दिसतो, पण खाली त्याला धरून ठेवायला काही नाही."

"तीन तर काय, निम्मा हिवाळा असतो!" शेजारचे काशियान दारातूनच ओरडले. "कालच कुणीतरी वर गेलंय. वाट पडलेली आहे. चल रे म्हाताऱ्या, की घंटा पुसून ठेवायला सांगू?"

फिगिल ऐकेनात, तेव्हा आफ्राही स्की बांधून त्या दोघांबरोबर निघाली. मी म्हणेन तिथून मागे फिरायचं, एवढी एकच अट तिने घातली.

खालचं रान दाट आणि उतार सौम्य, त्यामुळे तिथपर्यंत सगळं ठीक होतं. झाडं संपली आणि शेवटच्या मोठ्या उताराच्या तोंडाशी पायाखालून 'हुम्म' असा बर्फाचा थर खचल्याचा दबका आवाज आला. आफ्राच्या स्कीपासून एक चीर सरसर पुढे धावत गेली.

"थांबा! इथूनच मागे."

"अगं, ती बघ ना कालची वाट," काशियान म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता.

"काका, काल तो माणूस वाचला, एवढंच त्या वाटेवरून कळतं."

वर क्रूस दिसत होता. जेमतेम अर्ध्या तासाची चाल.

"तुम्ही दोघं थांबा," फिगिल म्हणाले. "मी एकटा जातो. मला काही झालं तरी आता काय राहिलंय?"

"मी राहिलेय ना! आणि तुम्हाला उकरून काढायला त्याच उतारावर कोण येणार? मीच ना?" आफ्राचे डोळे भरून आले. "सांगणार नव्हते, पण ऐका. त्या वर्षी आईलाही इथूनच परत फिरायचं होतं. वर जाईपर्यंत ती घाबरलेलीच होती. मला म्हणाली, त्या घंटेपेक्षा मला डोंगर परवडला."

फिगिलना आठवलं. ती दोनदा थांबली होती. 'काय गं, घंटेचं माप घेऊ का?' असं तेच हसत म्हणाले होते. ज्या अक्षरासाठी त्यांचा जीव तुटत होता, ते तिने भेदरलेल्या हाताने लिहिलं होतं!

"बुर्गल, चुकलं गं माझं!" एवढंच ते बोलले. क्रुसाकडे डोळे भरून पाहिलं आणि स्की वळवल्या.

उतरताना काशियान हळूच म्हणाले, "खरं सांगू? आवाज आला तेव्हाच मला परत फिरायचं होतं. वाटलं, कुणीतरी दुसरं बोलेल."

संध्याकाळी खानावळवाली हसत हसत घंटा घेऊन आली. फिगिलनी ती हातात धरली आणि भरल्या बाकांसमोर बुर्गलची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. खानावळवालीने घंटा परत घेतली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वासराच्या गळ्यात बांधली.

तो उतार त्या हिवाळ्यात कोसळला नाही. मे महिन्यात कुबड्या घेऊन बाकावर बसलेल्या फिगिलना काशियान म्हणाले, "आपण पोचलो असतो रे."

"पोचलोही असतो," फिगिल म्हणाले. त्यांची नजर शिखरावरून हलत नव्हती. "फार वाटतं रे जावंसं. रोज वाटतं. पण आत आफ्रा स्वयंपाक करतेय, तिचा आवाज ऐकतोयस ना?"

मंडळी, 'मला भीती वाटते' असं म्हणणाऱ्याला हसू नका. तो बोलतो तेव्हा न बोललेल्या सगळ्यांच्या वतीने बोलतो. आणि मागे फिरणं बरोबर होतं की नाही, याचा पुरावा मागत बसू नका. सगळी जेवायला घरी आली, एवढं पुरे!