डुकरिणीनं तोंड फिरवलं

कुंभारीच्या माळावर, अजिनाथच्या डुकरांच्या शेडपुढं, सकाळीच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मधोमध वराहनाथबाबा. भगवी लुंगी, गळ्यात सुळ्यांची माळ, हातात तांब्या.

"पृथ्वी दातावर उचलणाऱ्या देवाचा मी अंश!" बाबा गरजला. "ह्या शेडला जवळच्याची नजर लागली हाय. ज्याच्या पोटात जळतं, त्याच्या हातची भाकरी डुक्कर खात न्हाय! तो घावला, की त्याची आन् अजिनाथची, दोघांची जनावरं आजच माझ्या टेम्पोतून शिवाराबाहेर!"

ज्यानं पृथ्वी दातावर तोलली त्याला पाणी शिंपडायला दलाल कशाला लागेल, हे कुणी विचारलं नाही. अजिनाथची डुकरं पटापट मरत होती. माणूस अशा वेळी विचारत नाही, हात जोडतो.

गर्दीच्या मागं अजिनाथचा थोरला भाऊ बिभीषण अंग चोरून उभा होता. कारण त्याच्या पोटात खरंच जळत होतं, तेही वर्षानुवर्षं. दोघांची शेडं भिंतीला भिंत लागून. वाटणीत बापाची एकेक डुकरीण आलेली. धाकट्याची भरभरून व्यायली, ह्याची स्वतःच्याच पिल्लांवर लोळायची. पुण्याचा व्यापारी ह्याच्या दारावरून थेट अजिनाथकडं जायचा, त्याच्या बायकोच्या, मायाक्काच्या हातचा चहा घ्यायचा आणि खदखदून हसायचा. भिंतीपलीकडचं ते हसणं ऐकून बिभीषणला घास कडू लागायचा. अजिनाथचं पहिलं डुक्कर मेलं तेव्हा त्याला क्षणभर बरं वाटलं होतं. तो क्षण आता त्याच्या छातीवर बसला होता.

शेजारी एकेक पुढं झाले. कल्लप्पानं भाकरी टाकली, डुकरांनी झडप घातली. केराबाईची भाकरीही दिसेनाशी झाली. "निर्मळ हात!" बाबा ओरडायचा. मग त्याचं बोट वळलं. "बिभीषण, तू ह्या कोपऱ्यातल्या माउलीला घाल."

डुकरिणीनं भाकरी हुंगली, तोंड फिरवलं आणि भिंतीला टेकून पडून राहिली.

"घावला!" गर्दी उसळली.

"नावच बिभीषण," केराबाई म्हणाली, "भाऊ बुडवणारच की!"

"दादा, तू?" अजिनाथ त्याच्याकडं वळला.

"व्हय रं. लई जळतो मी तुज्यावर. मीच मारली असतील तुजी जनावरं."

"थांबा!" मागून आवाज आला. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर वैजयंती, पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आत येत होत्या. "जळण्यानं डुकरांना रोग होत असता, तर सोलापुरात एक जनावर उभं राहिलं नसतं."

"ह्यांनी बाबा आणला, मी फोन केला," मायाक्का म्हणाली.

"तर मायाक्का, आता तुम्ही घाला भाकरी."

रोज जिच्या हातचं खायची, तिच्याकडूनही डुकरिणीनं तोंड फिरवलं. मग बिभीषणनं दारातल्या डुकरांना भाकरी टाकली. क्षणात फस्त.

"बाईमाणसाच्या पावलानं देव निघून गेला!" बाबा किंचाळला.

"आगं बया! मग मगाशी भाकरी टाकली ती मी काय बापय हुते व्हय?" केराबाई म्हणाली. हशा पिकला.

डॉक्टरांनी थर्मामीटर लावला. डुकरीण तापानं फणफणली होती, पोटाखाली लाल चट्टे.

"काल रात्री डुकरं उपाशी ठेवली, असं मायाक्का फोनवर म्हणाल्या. का ठेवली?"

"बाबांनी उपास सांगितला," अजिनाथ म्हणाला.

"धडधाकट डुक्कर उपाशी असलं की कुणाच्याही हातचं खातं. आणि पहाटे बाबा आत काय करत होते?"

"पाणी शिंपडत एकेकीचा कान धरून आशीर्वाद देत हुते," मायाक्का म्हणाली.

"तापलेला कान शोधत होते! खाणं सोडणं ही ह्या रोगाची पहिली खूण. ते आजारी डुक्कर हेरायचं आणि ज्याला धरायचं त्याला नेमकं त्याच्यापुढं उभं करायचं. भिंतीला भिंत लागून राहणारा भाऊ थोडाफार जळत असणार, हे ओळखायला दिव्य दृष्टी कशाला? पुढं दोघांचीही जनावरं फुकटात टेम्पोत. ती बाजारात गेली असती, तर हा रोग पार माळशिरसपर्यंत पोचला असता."

कल्लप्पानं गुपचूप टेम्पोची किल्ली काढून घेतली आणि पोलिसांना फोन लावला. बाबा पोलिसांच्या गाडीत बसेपर्यंत देवाचा अंश कुठंच दिसला नाही.

रक्ताच्या तपासणीत आफ्रिकन स्वाइन फीवर निघाला. माणसाला होत नाही, पण डुकराला औषध नाही. रोग पसरू नये म्हणून सगळी जनावरं मारून पुरावी लागली, दोन्ही शेडं रिकामी झाली, बिभीषणचंही. मात्र माळापलीकडं एकही डुक्कर मेलं नाही.

जनावरं पुरली त्या संध्याकाळी दोघे भाऊ रिकाम्या शेडपुढं बसले.

"दादा, आता जळायला काय उरलं न्हाय तुला."

"पुन्हा भरशील की शेड. मग जळीन," बिभीषण म्हणाला. "पण पहाटे तुज्याआधी तुजी डुकरं बघायला यीन. कोण खाईना, ते."

मत्सर मनात असतो. त्यासाठी कीर्तनात बसावं, टाळ्या वाजवाव्यात, देवापुढं डोळे भिजवावेत. तिथं तो नक्की हलका होतो. ताप मात्र रोगजंतूनं येतो. हा रोग खरकट्यातूनही येतो, म्हणून हॉटेलचं खरकटं उकळल्याशिवाय डुकरांना घालू नका, परक्याला शेडात फिरू देऊ नका, आणि एखादं जनावर खाईना झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. देव त्यावर रागावत नाही.