तिसापर्यंत पुरतील एवढ्या तक्रारी

जायकवाडीत मृतसाठा उरला होता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तरी गारखेड्यातल्या त्या सोसायटीनं रविवारी सकाळी हॉलमध्ये सीपीआरचं, म्हणजे छाती दाबून थांबलेलं हृदय चालवायला शिकवणारं, शिबिर ठेवलं. कारणही तसंच होतं. दोन उन्हाळ्यांत आवारातले जितके बोअर आटले, जवळजवळ तितक्याच स्टेंट रहिवाशांच्या छातीत बसल्या होत्या.

त्यातली एक वैजनाथरावांची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मुलगा पुण्याला, घरात ते आणि दमयंतीबाई. म्हणजे हा माणूस पुन्हा कोसळला, तर रुग्णवाहिका येईपर्यंत सगळी मदार बाईंच्या दोन हातांवर. त्या धास्तीनं बाई सगळ्यांच्या आधी येऊन पुढं बसल्या. वैजनाथराव मागच्या खुर्चीत पेपर उघडून, जणू दुसऱ्याच कुणाच्या छातीची गोष्ट चाललीय.

शिकवायला आली होती आमरीन, मोठ्या इस्पितळातली सिस्टर. तिनं सतरंजीवर कमरेपर्यंतचा रबरी पुतळा निजवला.

गंगापूरकडची शेती विकून इथं फ्लॅट घेतलेल्या सरूबाई लगेच म्हणाल्या, "पोरी, पाय दक्षिणेला येतेत याचे."

"मावशी, याला पायच नाहीत."

"नसंनात. दिशा तर हाय."

पुतळा फिरवण्यात आला. मग आमरीननं सांगितलं, छाती पुरेशी खोल दबली की आतून टक् असा आवाज येतो. आवाज नाही, तर मेंदूला रक्त नाही.

दमयंतीबाईंची पाळी आली.

"आधी खांदे हलवा, मोठ्यानं हाक मारा," आमरीन म्हणाली.

बाईंनी खांद्याला दोन बोटं लावली. "अहो."

"काकू, अहो म्हटलं तर अख्ख्या गारखेड्यातले नवरे उठून बसतील. नाव घ्या."

बाई अडल्या. उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. "उखाण्यात घेतलं तर चालेल का?"

"घ्या," सरूबाई म्हणाल्या, "उखाणा संपस्तोवर मानूस वर पोचतंय."

हशा पिकला. नावाचं राहू द्या म्हणत बाईंनी तळहातावर तळहात ठेवून छाती दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली. नाही.

"काकू, पोळी नाही लाटायची. दोन इंच खाली जाऊ द्या."

"बरगडी मोडली म्हणजे?"

"बरगडी जुडती. पहले माणूस तर राहू द्या."

बाईंनी पुन्हा जोर लावला, पण ऐन वेळी हात आपोआप हलका झाला. स्टेंट बसल्यापासून ती छाती त्यांनी काचेच्या भांड्यासारखी जपली होती. नवऱ्याला बादलीसुद्धा उचलू देत नव्हत्या. डोळे भरून आले. "मला नाही जमायचं," त्या पुटपुटल्या.

पेपराआडून वैजनाथराव म्हणाले, "असू दे गं. तुझ्या हातून माझा जीव जायचा, हे मी बोहल्यावरच ओळखलं होतं."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, कोपरं ताठ केली.

"मोठ्यानं मोजा, तिसापर्यंत," आमरीन म्हणाली.

"एक. बोहल्यावर माझ्या मामांना साधं बसा म्हटलं नाहीत."

टक्.



"दोन. डोहाळजेवणाला गावाला गेलात ते..."

"शाब्बास काकू, पण स्पीड पाहिजे. तक्रारी छोट्या करा."

बाईंनी छोट्या केल्या. "स्कूटर." टक्. "पैठणी." टक्. "वन्सं." टक्. "गॅसची टाकी." टक्.

"पैठणीचं काय झालं होतं?" मागून कुणीतरी विचारलं. तेवढ्यात फाटकावर टँकरचा भोंगा वाजला आणि प्रश्न, प्रश्नकर्ता आणि सगळं शिबिर पाइप घ्यायला धावलं.

दारातून सरूबाई ओरडल्या, "बाई, ड्रम."

"मदत येईपर्यंत थांबायचं नाही," आमरीन म्हणाली.

बाई थांबल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टँकर सोडला. मात्र तिसाच्या अलीकडंच पंचाईत झाली. तक्रारी संपल्या. चाळीस वर्षांचा संसार ढवळून पाहिला, पण हाती काही लागेना, आणि हात मंदावले.

वैजनाथरावांनी पेपर ठेवला, शेजारी येऊन मांडी घातली. "छत्री," ते हळूच म्हणाले.

टक्.

"तुझ्या आईचं पत्र."

टक्.

"आणखी?" बाई धापा टाकत म्हणाल्या.

वैजनाथरावांनी जरा विचार केला. "भजी."

"कसली भजी?"

"क्रांती चौकातली. दर मंगळवारी. तुला वाटतं मी फिरायला जातो."

असा टक् वाजला की पुतळा सतरंजीवरून सरकला.

"वैजनाथ," बाई कडाडल्या, "डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय ना?"

"ओ," वैजनाथराव दचकून म्हणाले.

आमरीननं बाईंचे हात धरले. "बस काकू. हाक मारली, पेशंटनं ओ दिली. आता दाबायचं नाही."

बाहेर टँकर रिकामा होऊन निघून गेला होता. बाईंनी घाम पुसला आणि नवऱ्याला निरखून पाहिलं. "ड्रम का नाही भरलात?"

"तूच बादली उचलू देत नाहीस."

"पाइप धरायला कुणी नको म्हटलं होतं?" बाई समाधानानं म्हणाल्या. "चला, पुढच्या तिसांतली पहिली सापडली."