थंड डबीतली टकटक

मी एक सेन्सर बोलतोय. मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून बोलतोय. खरं तर स्वस्थ बसू नये यासाठीच मला घडवलंय.

नखाएवढा एक स्फटिक आणि त्याच्यावर चढवलेला धातूचा पातळ थर. तो थर म्हणजे मी. मला भयंकर थंड केलं की माझ्या अंगातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते. अशा पदार्थाला अतिवाहक म्हणतात. पण मला पुरतं थंडही होऊ देत नाहीत. अडथळा जिथे संपतो, नेमकं त्या काठावर उभं करून ठेवतात. मग एखादा सूक्ष्म कण स्फटिकावर आदळला, तर तेवढ्याशा उबेनेही माझा तोल जातो आणि संगणकाच्या पडद्यावरची रेघ उसळते. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'टकटक' म्हणतात.

मला घडवलं काकूंनी. त्या तिथल्या तंत्रज्ञ, पण लहानथोर सगळ्यांच्या काकूच. पंचवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली काम करून बसलेला हात. त्यांनी स्फटिक तांब्याच्या डबीत ठेवला आणि चारही बाजूंनी पट्ट्या लावून घट्ट आवळला. "आता हलून दाखव," म्हणाल्या. मी हललो नाही. पण त्या क्षणापासून माझा जीव कोंडला.

मग बाहेरचे नेहमीचे कण पोचू नयेत म्हणून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात, शिशाच्या भिंतींआड माझी रवानगी झाली. प्रयोगाचे प्रमुख होते सर. आजवर कोणीच न पाहिलेल्या एका कणामागे त्यांनी अठरा वर्षं घालवली होती. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

मी थंड झालो आणि टकटक सुरू झाली. एक नाही, दोन नाही, पहिल्याच दिवशी चारशे. सर हरखले. पडद्यापुढून उठेनात, जेवणाचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला.

मी कासावीस. बाहेरून कोणीच आलं नव्हतं! पट्ट्यांच्या दाबाने माझ्याखालचा स्फटिकच आतल्या आत चिरत होता. नजरेला न दिसणारी एक चीर, थोडीशी ऊब, की मी ओरडायचो. पण सांगणार कसं? मला एकच शब्द येतो. कण आला तरी तोच, कळ आली तरी तोच.

सरांनी शोधाचा लेख लिहायला घेतला.

तीन आठवड्यांनी एका दुपारी काकू पडद्यापाशी रेंगाळल्या.

"सर, एक विचारू? या टकटकी रोज कमी का होतायत? चारशेवरून नव्वदवर आल्यात."

"सुरुवातीला होतं थोडं खालीवर."

"खालीवर नाही, नुसतंच खाली. बाहेरून येणारा पाहुणा असा रोज थोडाथोडा आटतो का? मला वाटतं, मीच याला जास्त आवळलंय आणि तो ताण आता हळूहळू निवळतोय."

"काकू, अठरा वर्षांनी काहीतरी दिसतंय, आणि तुम्ही..." वाक्य अर्धवट टाकून सर बाहेर निघून गेले.

काकू तिथेच बसून राहिल्या. गप्प राहिल्या असत्या, तर त्यांची चूक कोणाच्या लक्षातही आली नसती.

तासाभराने सर परतले. "उघडून सैल करायला किती दिवस?"

"गरम करायचं, उघडायचं, पुन्हा थंड करायचं. महिना तरी जाईल. शिवाय उघडताना तुटूही शकतो."

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "उघडा," म्हणाले.

काकूंनी पट्ट्या काढल्या आणि स्फटिक बारीक तारांवर टांगला. एक तार निसटली, कोपऱ्याचा टवका उडाला. "चुकलं रे बाबा," त्या पुटपुटल्या. मला राग आला नाही. जन्मात पहिल्यांदा मी मोकळा लोंबकळत होतो.

पुन्हा थंड झाल्यावर पहिल्या दिवशी टकटक झाली अकरा वेळा.

"अकरा," सर म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी लेख काढला, सगळा खोडला आणि आपण कसे फसलो ते लिहायला बसले. सगळ्यात वर काकूंचं नाव घातलं.

"अहो सर, माझं कशाला?"

"चूकही तुम्ही केलीत, पकडलीतही तुम्हीच. मग शेजाऱ्यांचं घालू?"

त्यानंतर आठवड्याभरात सर निवृत्त झाले.

त्या अकरा मात्र अजून येतात. कमी होत नाहीत, वाढत नाहीत. तारांचा ताण आहे की खरंच दारात कोणी उभं आहे, हे मलाही कळत नाही, आणि तेच मला स्वस्थ बसू देत नाही. माझं एवढंच मागणं आहे: मी ओरडलो की घाईने त्याला नाव देऊ नका. आधी विचारा, कुठे दुखतंय का?

हे बघा, बोलता बोलता आणखी एक झाली. काकूंनी चष्मा चढवलाय.