प्रज्ञाच्या नाकातला फवारा

डिंगोऱ्याच्या जयवंतची पोरगी प्रज्ञा अंगणात टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर चढून नाचत होती. क्रेट सरकला, पोरगी तोंडावर आपटली आणि हनुवटी चांगलीच फाटली. जयवंतनं मोटारसायकल काढली. त्याची आई जानकाबाई पोरीच्या हनुवटीला फडकं दाबून मागं बसली, आणि तिघं ओतूरला डॉक्टर अश्विनीबाईंच्या दवाखान्यात पोचले.

बाईंनी प्रज्ञाला लगेच ओळखलं. मागं लस द्यायच्या वेळी ती टेबलाखाली शिरली होती आणि ओढून काढताना त्यांच्या मनगटाला चावली होती.

"टाके घालावे लागतील," असं म्हणत त्यांनी आधी आपला हात मागं घेतला.

टाक्यांचं नाव ऐकताच प्रज्ञानं असा सूर लावला की बाहेर बसलेले पेशंट 'उद्या येतो' म्हणत एकेक करून उठले.

"मी पाय धरतो, आई हात धरंल," जयवंत म्हणाला.

"धरून-बिरून काही नको. ती हलली तर टाका वाकडा पडेल. नाकात औषधाचा फवारा मारू. गुंगी आली की हनुवटी बधिर करायची आणि निवांत टाके घालायचे."

जानकाबाईनं कान टवकारले. "नाकात? म्हंजी तपकीरच की."

"तपकीर नाही हो आजी. झोपेचं औषध आहे."

"मग तेच म्हणते मी. मला तपकिरीबिगर झोपच येत न्हाई."

प्रज्ञाचं रडणं एकदम थांबलं. घरात सगळ्या वस्तूंची तिनं नासधूस करून झाली होती, फक्त आजीच्या तपकिरीच्या डबीला हात लावायची बंदी होती.

"मला तपकीर देणार?" तिनं विचारलं.

जयवंतनं 'हो म्हणा' अशी खूण केली, पण बाईंना पोरीशी खोटं बोलायचं नव्हतं. "तपकीर नाही बाळा, औषध आहे. थोडं झोंबेल. घशात कडू लागेल."

"आजीला पण झोंबतं," असं म्हणून प्रज्ञानं आपणहून नाक वर केलं.

बाईंनी तिचं वजन केलं, काय खाल्लं ते विचारलं, बोटाला नाडी बघायचा चिमटा लावला आणि दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला. प्रज्ञाचे डोळे भरून आले. तिनं आजीकडं रागानं बघितलं.

"आजे, तू हे रोज वढती?"

जानकाबाईनं कमरेची डबी हळूच पदराआड सरकवली.

हळूहळू पोरीचा राग उतरला आणि चेहऱ्यावर हसू पसरलं. बाईंना दोन नाकं आहेत, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. घरची काळी शेळी बाईंना देऊन टाकली. बधिर करायची सुई टोचली तेव्हा ती शेळीच्या करडांची नावं सांगत होती, आणि टाके पडेपर्यंत तीच नावं तिनं पुन्हा पुन्हा सांगितली. जयवंत मात्र सुई बघून पांढराफटक पडला. त्याला बाहेर बाकावर बसवावं लागलं.

पुढं प्रज्ञाला झोप लागली. बाई तिच्याजवळच बसून होत्या. जागी होताच तिनं समोर डॉक्टर बघितल्या आणि जिथं रडं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू केलं.

"टाके नको, टाके नको."

"आगं, झाले टाके," जानकाबाई म्हणाली.

"खोटं. मला तर काहीच केलं न्हाई."

आरसा दाखवला तर पट्टी दिसली. पण पट्टी कुणालाही चिकटवता येते, असं तिचं म्हणणं पडलं. या औषधानं मधलं आठवत नाही, असं बाईंनी आत आलेल्या जयवंतला समजावलं. प्रज्ञानं तेही ऐकलं आणि 'खोटं' म्हणत मान हलवली.

ती पुरती शुद्धीवर आल्यावर बाईंनी त्यांना घरी सोडलं. वस्तीवर पोचताच बायका विचारपूस करायला आल्या. प्रज्ञा ओट्यावर उभी राहून म्हणाली, "टाके घालायचे व्हते, पण डाक्टरबाई मला लई भ्याल्या. नुसती पट्टी लावून सोडलं."

बायकांनी जानकाबाईकडं बघितलं.

"भ्याल्या व्हत्या खऱ्या," जानकाबाई म्हणाली, आणि नातीच्या निजायची सोय करायला आत गेली.