घरमालकाची लेक भाडेकरू

दर जूनमध्ये धायरीच्या बजरंगरावांना नव्याने मुली होतात. कुणी लातूरहून येते, कुणी जळगावहून, आणि प्रत्येकीमागे बॅगा उचलून दमलेला एक बाप असतो. बजरंगराव त्या बापाला खुर्ची देतात, चहा मागवतात आणि ठरलेलं वाक्य टाकतात, "तुमची पोरगी ती आमची पोरगी. काळजीच करू नका." मग चहाचा ट्रे घेऊन आलेल्या पूर्णिमेकडे बोट दाखवतात. "ही आमची. हितंच ऱ्हाती. गेटच्या चाव्या हिच्याकडंच असत्यात." बाप पूर्णिमेकडे बघतो, त्याच्या जिवात जीव येतो आणि खोली भाड्याने जाते.

पूर्णिमा म्हणजे त्या बिल्डिंगची चालतीबोलती हमी होती. ती शाळेत असताना ज्वारीच्या रानात हे चार मजले उभे राहिले आणि हळूहळू सगळा कारभार तिच्या गळ्यात पडला. पहाटे पाण्याची मोटर लावायची, कुणाचा गीझर बिघडला तर वायरमनला गाठायचं, रात्री नऊला गेट लावायचं आणि उशिरा येणारीला "कुठे होतीस?" म्हणून विचारायचं. शेवटच्या कामाची तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची. थोरला भाऊ रणजित याच्या गळ्यात काय पडलं? सोन्याची चेन. बाकी त्याने बुलेट धुवावी आणि बिल्डिंगखाली उभं राहून फोनवर मोठ्याने बोलावं, एवढंच त्याचं मालकपण.

कर्वेनगरच्या कॉलेजातून पूर्णिमा संख्याशास्त्राची पदवीधर झाली. येरवड्याच्या बाजूला एका कंपनीत औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासायची नोकरीही लागली. धायरी ते येरवडा म्हणजे रोज पुणं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायचं. सिंहगड रोडवरच अर्धा जीव जायचा, उरलेला अर्धा येरवड्याच्या पुलावर. घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच तिसऱ्या मजल्यावरून हाक यायची, "ताई, पाणी येत नाहीये!"

ऑफिसातली झोया येरवड्यात दोन खोल्यांच्या घरात भाड्याने राहत होती. तिची खोलीतली जोडीदारीण लग्न करून गेली आणि जागा रिकामी झाली. झोयाने विचारलं आणि पूर्णिमेने घरी विषय काढला.

"आमची बिल्डिंग चार मजल्याची, आन् आमची पोरगी दुसऱ्याच्या खोलीत भाड्यानं?" बजरंगराव म्हणाले. "गाव तोंडात शेण घालंल."

"आप्पा, आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मुली भाड्यानेच राहतात."

"त्यांचं गाव लांब हाय. धीराच्या पोरी हायत त्या. आईबापाला सोडून ऱ्हायचं म्हंजी खेळ न्हाई."

लातूरची मुलगी घर सोडून आली की ती धीराची. धायरीची मुलगी घर सोडते म्हणाली की गाव शेण घालतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते दुसरं काय असतं? पूर्णिमेच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती महिनाभर नीटच बोलत राहिली. प्रवासाचं सांगितलं, कामाचं सांगितलं, रविवारी घरी येत जाईन म्हणाली. बजरंगराव दर वेळी नवं कारण काढत. आज दिवस वाईट होते, उद्या लग्नाचं बघायचं होतं, परवा चुलते काय म्हणतील हे होतं.

आणि खरं सांगायचं तर तिचाही पाय घरातून निघत नव्हता. आई मैना दिवसभर गुडघे दाबत कामं ओढायची, एका शब्दाने तक्रार करायची नाही. रात्री पूर्णिमेच्या ताटात गरम भाकरी पडावी म्हणून जागी राहायची. आपण गेलो तर आईचं काय, या प्रश्नापाशी पूर्णिमेचा सगळा निर्धार विरघळायचा. दोनदा तिने झोयाला "नको, राहू दे" असा मेसेज लिहिला आणि दोन्ही वेळा पुसला.

शेवटी झोयानेच घाई केली. घरमालक जब्बारभाई जागा फार दिवस अडवून ठेवायला तयार नव्हते. त्यांची एकच अट होती, मुलीच्या वडिलांशी एकदा बोलणं व्हायला पाहिजे. पूर्णिमेला ती अट मुळीच पटली नाही. पण स्वतःच्या घरी वर्षानुवर्षं हीच अट पाहिलेली, तेव्हा कुठल्या तोंडाने भांडणार? तिने नंबर दिला.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना फोन आला. बजरंगराव फोन कायम स्पीकरवर ठेवतात. शेजारच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे ना!

"नमस्कार. येरवड्याहून जब्बार बोलतोय, हार्डवेअरवाला. पूर्णिमा आपली मुलगी का?"

"व्हय. काय झालं?"

"काही नाही, माझ्या घरात जागा बघतेय. म्हटलं, वडिलांशी बोलून घ्यावं. मुलगी काय करते?"

बजरंगराव घुटमळले. "कॉम्प्युटरचं करती."

तीन वर्षं घासून मिळवलेली पदवी आणि वर्गातल्या साठ जणांत एकटीला लागलेली नोकरी बापाच्या लेखी 'कॉम्प्युटरचं' होती. पूर्णिमेने घास खाली ठेवला.

"आणि राग मानू नका," जब्बारभाई पुढे म्हणाले, "घर पुण्यातच असून मुलगी बाहेर राहायचं म्हणते. घरात काही भांडणतंटा? एखाद्या मुलाची भानगड वगैरे? आमच्याकडे चांगल्या घरच्या मुली राहतात, म्हणून विचारावं लागतं."

बजरंगरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ओ, तोंड सांभाळून बोला! माझी पोरगी हाय ती! तिच्याबद्दल असलं इचारायचं न्हाई! तुमच्यासारखी घरं आमी उशाखाली घिऊन झोपतो!" त्यांनी फोन बंद केला आणि लढाई जिंकल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. रणजितने मान डोलावली.

"आप्पा," पूर्णिमा म्हणाली, "जळगावच्या मुलीच्या वडिलांना तुम्ही हेच विचारलं होतंत. पोरगी भानगडीची न्हाई ना म्हणून. मी तिथेच ट्रे घेऊन उभी होते. ते बिचारे मान खाली घालून म्हणाले, नाही हो, साधी आहे."

"ते येगळं."

"काय वेगळं?"

"ती परकी पोरगी."

"परकी? चहा पिताना तर आपली होती!"

बजरंगराव ताटाकडे बघायला लागले. पूर्णिमा थांबली नाही. "त्या माणसाचा पण बाप म्हणून अपमानच झाला होता, आप्पा. फक्त त्याला फोन आपटता आला नाही, कारण त्याला खोली हवी होती." एवढं बोलून तिने स्वतःचा फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, स्पीकरवर जब्बारभाईंना लावला.

"काका, मी पूर्णिमा. मघाशी वडील—"

"अगं, माफी कसली मागतेस!" जब्बारभाई हसत होते. "असा चिडणारा बाप मला चालतो. ज्याच्या घरात खरंच काही असतं तो गोडगोड बोलतो. तू उद्या ये, चावी घे. काही कमीजास्त झालं तर मी थेट त्यांनाच फोन करीन."

बजरंगरावांचा चेहरा खुलला. "मानूस समजूतदार दिसतोय," ते पुटपुटले.

म्हणजे दोन घरमालकांचं जमलं. एकाने शिव्या घातल्या, दुसऱ्याला त्या आवडल्या आणि पूर्णिमा पास झाली. नकार मिळाला असता तर तिला इतका राग आला नसता. घर सोडायचं तिने, भाडं भरायचं तिने, आणि चारित्र्याचा दाखला मात्र बापाच्या आरडाओरड्यावर!

"काका, एक सांगते," ती म्हणाली. "काही झालं तर फोन मला करायचा. राहणार मी आहे, चुकले तर मीच चुकलेली असणार. वडिलांनाच फोन जाणार असेल तर मला ती जागा नको."

पलीकडे दुकानात कुणीतरी नळाचा वॉशर मागत होतं. हातची जागा गेली, असं पूर्णिमेला वाटलं आणि तरीही तिने शब्द मागे घेतला नाही.

"वडील ऐकतायत?" जब्बारभाईंनी विचारलं.

"ऐकतायत."

"त्यांच्या तोंडावर बोललीस, मग ठीक आहे. नंबर तुझाच ठेवतो. मोरीतला नळ गळतो, तेही आत्ताच सांगून ठेवतो. उद्या ये."

फोन बंद झाला. आता आप्पा काय बोलणार याची पूर्णिमेला कल्पना होती. दिवस, गाव, चुलते, लग्न. त्या प्रत्येकाला उत्तर तयार ठेवून ती बसली होती.

बजरंगराव अगदी मनापासून, खऱ्या काळजीने म्हणाले, "मंग राच्च्याला गेट कोण लावायचं?"

पूर्णिमा त्यांच्याकडे बघतच राहिली. महिनाभर जी इज्जत इज्जत म्हणून चालली होती ती हीच होती तर. गाव कुठे नव्हतं, चुलते कुठे नव्हते. एक फुकटचं माणूस हातचं जात होतं, म्हणून घर दुखत होतं.

"माझ्याकडं बघू नका," रणजित लगेच म्हणाला. "मला रात्री जिम असती."

मैना इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पूर्णिमेचं अर्धवट राहिलेलं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि त्यात भाकरी वाढली.

"खा आन् बॅग भर," ती म्हणाली. "माझा जीव तुझ्यात अडकलाय, पर म्हणून तू हितं अडकायचं न्हाई. यायचं तवा पावनी म्हणून यायचं. बसायचं, जेवायचं, जायचं. चावीला हात लावलास तर मी तुला घरात घ्यायची न्हाई."

मग ती नवऱ्याकडे वळली. "अवो, आज रातचं जेवण साडेआठलाच उरकून घ्या. नऊला गेट लावायचंय तुमाला."