ठाम बोलायचा वर्ग आणि वीस थर मखमल

त्या शिवणकारखान्याच्या मालकाचे कान सुपाएवढे होते. उपयोग मात्र चाळणीएवढाही नव्हता. दोन खोल्यांपलीकडे एखादा पुरुष शिंकणार असला तर याला आधीच ऐकू यायचं. बाईचा शब्द मात्र कानाच्या पाळीपर्यंत पोहोचला की तिथेच टेकायचा आणि घोरायला लागायचा.

असल्या माणसाला एके दिवशी साक्षात्कार झाला, की आपल्याकडच्या बायका बोलतच नाहीत! म्हणून कामं बिघडतात! लगेच त्याने बायकांना ठामपणे बोलायला शिकवणारा एक गृहस्थ आणवला. पुरुषच. बायकांनी बोलायचं कसं ते बाईला काय ठाऊक?

नेमकं त्याच दिवशी कटाईच्या टेबलावर गायनवृंदाचे चाळीस लांब कोट होते, गडद जांभळ्या मखमलीचे. मखमलीला मांजरासारखी लव असते. एका बाजूने हात फिरवला तर झोपते, दुसऱ्या बाजूने उभी राहते. म्हणून एक थर अंथरला की तो टोकाशी कापायचा, तागा उचलायचा, आणि रिकामं चालत पुन्हा पहिल्या टोकाला यायचं. तिथून दुसरा थर. दर थरात दोन कोट, म्हणजे वीस थर, आणि त्यांना एकोणीस रिकाम्या फेऱ्या. आळशी माणूस तागा उलगडतच परत येतो. मग एका थराची लव वर, दुसऱ्याची खाली. कापताना कळत नाही. मंचावर दिवे लागले की वीस गायक जांभळे आणि वीस विटके. जणू अर्धे लग्नाला आलेत नि अर्धे मयताला.

तिथे कापड कापणाऱ्या कातरबाईला हे एकोणीस वर्षं ठाऊक होतं. आणि मालकाचा भाचा इतका आळशी होता, की जांभईसुद्धा दुसऱ्याने सुरू केलेली पुरी करायचा.

"भाचेबुवांना मखमल देऊ नका," तिने जिन्याशीच मालकाला गाठून सांगितलं. "मी अंथरते, मीच कापते."

"तुम्ही वर जा. आधी बोलायला शिका, मग बोला. तो अंथरेल, दोन वाजता कापेलही. गठ्ठ्यांना लावायच्या चिठ्ठ्या तयार आहेत, तुमच्याच नावाच्या."

कातरबाईला त्या चिठ्ठ्यांचा अर्थ ठाऊक होता. गठ्ठ्यावर नाव लागायचं कटरचं, अंथरणाऱ्याचं नाही. मागच्या खेपेला भाचेबुवाने अस्तर वाकडं अंथरलं आणि नोकरी गेली दुसऱ्या कटरबाईची. त्या जांभळ्या रंगाचा आणखी तागा बाजारात नव्हता. म्हणजे आज पाळी हिची.

वरच्या खोलीत बाकांवर तीस बायका आणि समोर तो गृहस्थ. हसू इतकं रुंद, की दोन्ही टोकं मानेमागे भेटून गाठ बसली असावी. त्याने दीड तास एकट्यानेच सांगितलं, की बायकांनी बोललं पाहिजे.

कातरबाई खिडकीशी बसली होती. खाली हॉल दिसत होता. भाचेबुवा तागा घेऊन गेला. टोकाशी पोचला. कात्रीला हात न लावता तसाच उलगडत परत आला.

ती उभी राहिली. "मला खाली जायचंय."

"वा, वा, वा!" गृहस्थ उडालाच. "बघा, ताईंनी सुरुवात केली! पण खांदे पडलेत. पुन्हा म्हणा."

"मला खाली जायचंय. कापड चुकतंय."

"कारणं नकोत, ताई. कारण दिलं की ठामपणा पातळ होतो. डोळ्यांत बघून म्हणा."

"मला खाली जायचंय."

"आवाज पोटातून!"

"अहो, जाऊ द्या की तिला," मागून काजं करणारी मावशी म्हणाली. "पोटातून काढायला लावता, बाळंत करताय की काय?"

बायका खिदळल्या. गृहस्थ हलला नाही. त्याने तेच वाक्य अकरा वेळा म्हणवून घेतलं. अकराव्या वेळी खिडकीची काच थरथरली. त्याने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना वाजवायला लावल्या.

"उत्तम! आता बसा."

"बसा? मला खाली जायचंय ना!"

"सराव होता हो, ताई," तो लाडाने म्हणाला. "खरंच थोडंच जायचं असतं?"

कातरबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कॉलरवर बसलेल्या झुरळाकडे पाहतात. आणि ती जिना उतरली.

खाली तोवर वीसही थर अंथरून झाले होते आणि कटाईचं यंत्र घरघरत होतं. भाचेबुवाने पातं कापडाच्या कडेला आणलं होतं. तोंडाने सांगायला वेळच नव्हता. कातरबाईने साडी सावरली, स्टुलावर पाय दिला आणि मखमलीच्या वीस थरांवर मधोमध मांडी घालून बसली.

"मामा!" भाचेबुवा किंचाळला. इतकं चपळ त्याला कोणी कधी पाहिलं नव्हतं.

मालक धावत आला. "उतरा! वेड लागलं का?"

"नाही उतरत."

एव्हाना गृहस्थही जिन्यावरून धापा टाकत पोचला. "ताई, 'नाही' म्हणायच्या आधी समोरच्याच्या भावना..."

"तुम्ही गप्प बसा."

तो बसला. म्हणतात, तो पुढे तीन आठवडे गप्पच होता. बायकोने पेठेतल्या वैद्याला दाखवलं, तर वैद्य म्हणाला, राहू द्या असाच.

"हात इकडे करा," कातरबाई मालकाला म्हणाली. त्याने काय केलं? केला पुढे. आपण कोणाचं ऐकतोय हे हाताला कळलं, कानाला कळायला वेळ लागला. तिने तो हात वरच्या थरावर फिरवला, मग कोपरा उचलून खालच्यावर. एक झोपला, एक उभा राहिला. तिसरा झोपला. चौथा उभा. मालकाचा चेहरा मखमलीपेक्षा जांभळा झाला.

"असं आधी नीट सांगायचं ना, बाई."

"जिन्याशी एकदा. वर अकरा वेळा. आता कापडावर बसून. आणखी किती नीट सांगू?"

"बरं, उतरा आता."

"आधी चिठ्ठ्या. कापणारी मी, तर अंथरणाऱ्याचंही नाव खाली लिहायचं. प्रत्येक गठ्ठ्यावर. मागच्या खेपेच्या गठ्ठ्यांवरसुद्धा."

"मागच्या? म्हणजे ती... तिला परत बोलवायचं?"

"तिचा पत्ता मावशीकडे आहे."

मालकाने भाच्याकडे पाहिलं. भाचा यंत्राकडे पाहत होता. हॉलभर तीस बायका उभ्या; वर्ग आपोआप सुटला होता. मालकाने खिशातून पेन काढलं, चिठ्ठ्यांवर भाच्याचं नाव लिहिलं आणि मावशीसमोर पत्त्यासाठी हात पसरला.

मगच कातरबाई उतरली. तिने कात्री घेऊन दुमडलेली टोकं एकेक मोकळी केली.

"आता एकाआड एक थर फिरवायचा," ती भाचेबुवाला म्हणाली, "आणि दर खेपेला रिकामं चालत यायचं."

मग मालकाकडे वळली. "तुम्ही काय बघत उभे? ते टोक धरा."